स्पॅनिश सलाम

नवी भाषा शिकणाऱ्या मुलाला जगाचे दरवाजे उघडे होतात. हे वाक्य आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात, हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. शाळेला स्वतःचा दरवाजा नव्हता. गुरं आत येऊ नयेत म्हणून शिपाई फाटकात बाभळीची फांदी आडवी ओढत असे.

वाक्य संस्थेच्या अध्यक्षांचं होतं. ते मराठवाड्यातल्या आमच्या वाशीतले नावाजलेले वकील. निजामाच्या राज्यात त्यांची सगळी वकिली उर्दूत झाली होती. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी शेरवानी पेटीत ठेवली, खादी चढवली आणि बोलण्यात संस्कृत शब्द पेरायला सुरुवात केली. रागावले की मात्र अजून उर्दूच बाहेर येई. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा ते कुठल्याशा परिषदेसाठी दिल्लीला जाऊन आले. तिथल्या एका शाळेत मुलांनी त्यांचं फ्रेंचमध्ये स्वागत केलं. परतेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. आपल्या शाळेत फ्रेंच हवी, आणि स्पॅनिशही हवी, कारण दिल्लीच्या शाळेत स्पॅनिश नव्हती.

मी हैदराबादच्या कॉलेजात दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती. त्या विषयात नापास करत नाहीत असं ऐकलं होतं, एवढंच कारण. त्या बळावर मी सहावी-सातवीच्या मुलांना फ्रेंच शिकवू लागलो. पुस्तकातले सगळे धडे खानावळीत घडत. माणसं मासे मागवत आणि वर दारू पीत. पंधरा दिवसांत एक लिंगायत किराणा व्यापारी शाळेत आले. पोरगं घरी जेवायला बसून दारू मागतंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी पुस्तकातल्या दारूच्या जागी दूध घातलं, माशाच्या जागी वांगं. एवढं केल्यावर फ्रेंच भाषेत फारसं काही उरलं नाही, पण जे उरलं ते मुलं पाढ्यांच्या चालीवर खणखणीत म्हणत.

या दोन भाषांना वेळापत्रकात जागा हवी होती. ती उर्दूच्या तासांतून निघाली. उर्दूचे मास्तर पन्नाशी ओलांडलेले. एके काळी सगळी शाळा त्यांच्या हाताखालून जाई. आता उर्दू ऐच्छिक झाली होती आणि वर्गात पाच-सात मुलं उरली होती. त्यांचे भाऊ ॲक्शननंतर हैदराबादला गेले. हे एकटे मागं राहिले. राहण्याचं कारण विचारलं की ते शाळेकडं बोट दाखवत. आता तास गेले की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की त्यांना वाशीत राहायला काही निमित्त उरणार नव्हतं.

मी अध्यक्षांना म्हणालो की मला स्पॅनिश येत नाही. मास्तरांना अरबी, फारसी येते; पुस्तक दिलं तर ते शिकतील आणि शिकवतील. अध्यक्षांनी विचार केला. पुण्याहून शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. त्यांच्यापुढं वर्ग चांगला दिसला आणि त्यांनी स्पॅनिशच्या जागेला मंजुरी दिली, तर मास्तर राहतील, असं ठरलं.

हैदराबादेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक स्पॅनिश प्रवेशिका मिळाली. ती इंग्रजीतून होती. शाळा सुटल्यावर आम्ही लिंबाखाली बसत असू. मी इंग्रजी समजावून सांगे आणि ते स्पॅनिश पाठ करत. साखर, तांदूळ, तेल यांचे शब्द आले तेव्हा ते थांबले. हे तर अरबी, म्हणाले. मी त्यांना स्पेनचा इतिहास आठवेल तसा सांगितला. अरब तिथं शतकानुशतकं राहिले, मग त्यांना घालवून दिलं.

त्यांनी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. "म्हंजे माणसं काढली. शब्द काढायचं राहून गेलं."

नंतर बराच वेळ आम्ही फक्त क्रियापदं केली.

मास्तरांच्या वर्गाची एक जुनी रीत होती. ते आत आले की मुलं उभी राहत, किंचित वाकत आणि उजवा हात कपाळाला लावून सलाम करत. निजामाच्या काळात सगळ्या शाळेत असंच चाले. ॲक्शननंतर हात जोडणं सुरू झालं. मास्तरांच्या चार भिंतींत मात्र सलाम राहिला होता. स्पॅनिशमध्ये 'नमस्ते'ला काय म्हणतात ते पुस्तकात होतं, पण ते म्हणताना हातांचं काय करायचं हे लिहिलेलं नव्हतं. नुसत्या तोंडानं केलेलं अभिवादन मास्तरांना अर्धवट वाटे. त्यांनी मुलांना जे येत होतं तेच शिकवलं.

साहेब येडशी स्टेशनावर उतरले, तिथून जीपनं आले. हलगी झाली, हार झाले. अध्यक्षांचं भाषण झालं; त्यात 'विश्वबंधुत्व' आणि 'मानवजात' हे शब्द वारंवार येत राहिले. माझ्या मुलांनी हात जोडून फ्रेंचमध्ये दूध मागितलं. साहेबांनी मान डोलावली. मग स्पॅनिशचा वर्ग उठला. सगळे एकदम वाकले, उजवे हात कपाळाला गेले आणि आवाज आला, "ब्वेनोस दीआस, सेन्योर."

मंडपातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसानं तो सलाम ओळखला. वकिलांनी तर तो तालुक्याच्या साहेबासमोर अर्धं आयुष्य केला होता. पाहुणे पुण्याचे, त्यांनी कधी पाहिलेला नसावा. ते कौतुकानं वकिलांकडं वळले.

"ही तिकडची पद्धत का?"

वकील म्हणाले, "होय साहेब. अस्सल स्पॅनिश."

मागं बसलेला एक म्हातारा शेतकरी शेजारच्याला म्हणाला, "व्हय. आमीबी लई केलं हे स्पॅनिश."

साहेब प्रसन्न झाले. एवढ्या आडगावात परदेशी भाषा, तिच्या शिष्टाचारासकट, असं ते भाषणात म्हणाले. अशा कामाला आपण मंजुरी देतो. मात्र विषयाचं महत्त्व पाहता या जागेवर स्पॅनिश घेतलेला पदवीधरच नेमावा, जुन्या उर्दू शिक्षकावर हे ओझं टाकू नये. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी अध्यक्षांची होती.

जीप गेल्यावर अध्यक्ष मास्तरांकडं आले. "मास्तर, तुमच्यामुळं जागा मिळाली शाळेला."

"जी. मुबारक," मास्तर म्हणाले, आणि रीतीप्रमाणे हात कपाळाला नेला. वकिलांचा हात सवयीनं वर निघाला, अर्ध्यावर अडखळला आणि टोपी सारखी करून खाली आला.

पदवीधर येईपर्यंत तरी त्यांना ठेवा, असं मी त्या आठवड्यात सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले की साहेबांनी स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर आता ते नियमात बसत नाही. त्यांना पुणेरी मराठी फार लवकर जमू लागली होती.

मास्तर हैदराबादला भावांकडं निघाले. मी येडशीपर्यंत सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. प्रवेशिका त्यांनी माझ्या हातात दिली. "शेवटचे तीन धडे राहिले," म्हणाले. "त्यात काय आहे, कुनी शिकवलं तर कळवा." मी हो म्हणालो. पत्ता ते देणार होते, पण तेवढ्यात गाडी आली आणि पेटी चढवण्यातच वेळ गेला.

अध्यक्षांच्या हुकमानं तो सलाम पुढं सगळ्या वर्गांना शिकवण्यात आला. कुणी पाहुणे आले की चारशे मुलं एकदम वाकत, आणि पाहुण्यांना सांगितलं जाई की ही स्पेनची रीत आहे.

स्पॅनिशचा पदवीधर काही मिळाला नाही. त्या तासाला मुलं टकळीवर सूत कातत.