आधी डोळे

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर जी चित्रं आहेत, त्यातलं एक सोडलं तर बाकीची मी काढलेली नाहीत. पण ती सगळी माझी आहेत. हे सांगायला लागलो की लोक म्हणतात, "असेल, असेल." या 'असेल'ची मला भयंकर चीड येते.

मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचो. एका म्हाताऱ्या कारागिराने मला ती शिकवली. श्वास धरायचा, पापणीची रेघ एका दमात ओढायची आणि मगच श्वास सोडायचा. रेघ चुकली तर पुसायची सोय नाही. आणि आखणी झाली की ब्रश ठेवून उठायचं, मागे वळून मूर्तीकडे बघायचं नाही. "बघितलंस की हात लावशील, आणि हात लावलास की बिघडवशील," असं म्हातारा म्हणायचा. मूर्तीवर कुणाचं नाव नसायचंच. डोळ्यांखाली सही कोण करतो?

जेवणाच्या सुट्टीत मी रद्दी कागदावर व्यंगचित्रं काढायचो. सुरुवातीला वर्तमानपत्रातली बघून काढायचो. आधी पेन्सिल, मग खोडरबर, मग पुन्हा पेन्सिल. चित्र व्हायचं, पण ते चारचौघांसारखं. एके दिवशी पेन्सिल सापडेना, म्हणून आखणीचाच ब्रश घेतला आणि सवयीने आधी डोळे काढून बसलो. चेहरा नाही, डोकं नाही, कागदावर नुसते दोन डोळे, तिरके, खाली कुठेतरी बघणारे. आता हा माणूस काय बघतोय? शेजाऱ्याच्या डब्यातली सुकट. मग मान तिकडे वळली, पोट मानेच्या मागे गेलं, एक चप्पल पायातून सुटली. सगळं अंग डोळ्यांच्या मागे ओढत आलं. आमचा हमाल होता तो, हुबेहूब. कारखाना हसून हसून लोळला.

त्या दिवसापासून मी पेन्सिल धरली नाही. आधी डोळे, ते कुठे बघतात ते ठरवायचं, मग बाकीचा माणूस. रेघ जाडी आली तर जाडी, वाकडी आली तर वाकडी. कुणाला विचारायचं नाही.

माझ्या शेजारी वरशाचा एक जण रंगकामाला बसायचा. रोज रोह्याच्या गाडीने यायचा. आम्ही एका डब्यात जेवायचो. पुढे त्याने रोह्यात लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. नवरा-नवरीची गमतीदार चित्रं मी काढायची आणि त्याने छापायची, असं ठरलं. मी घासाघीस करणारा माणूस. कागद किती जाड, शाई कुठली, चित्र किती मोठं, सगळ्यावर भांडलो आणि प्रत्येक वेळी जिंकलो. चित्राखाली नाव कुणाचं, हे मात्र विचारलं नाही. कारखान्यात वाढलेल्या माणसाला ते सुचतच नाही.

एकदा तो म्हणाला, "मला पण शिकव की रे. तू आजारी पडलास तर गिऱ्हाईक काय परत पाठवू?"

मी शिकवलं. श्वासासकट शिकवलं.

मग एक दिवस वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. शाळेची भिंत, हातात ब्रश, आणि खाली छापलेलं, 'स्वतःची वेगळी शैली असलेले चित्रकार'. मी तसाच स्टेशनवर गेलो आणि मिळेल त्या गाडीने रोहा गाठलं.

तो भिंतीसमोर स्टुलावर बसला होता. शेजारी मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या.

"हे डोळे कुणाचे?" मी ओरडलोच.

"अरे ये ये! बस. चहा सांगू?"

"डोळे कुणाचे ते बोल आधी."

"म्हाताऱ्याचे," तो थंडपणे म्हणाला. "तू त्यांना लेंगा घातलास, मी हाफ पँट घातली. तुझ्या बापाचे हायत काय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. म्हाताऱ्याने श्वास दिला, पण नजर माझी. पण ते सांगत बसलो नाही. मी म्हटलं, "काढून दाखव. आत्ता. पेन्सिलीशिवाय."

त्याने काढलं. एका दमात, हात न थरथरता. पण त्याने आधी गोल चेहरा काढला आणि डोळे मागाहून आत बसवले. म्हणून ते कुठेच बघत नव्हते. मी बाईंकडे वळलो, "बघा! बघितलंत?"

"हो ना, किती जिवंत!" बाई म्हणाल्या. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "तुम्हीही काढता का? काढा की इथे शेजारी."

मी आधी डोळे काढले. पण राग छातीत भरलेला असताना श्वास कुठे धरणार? पापणीची रेघ मध्येच हलली. तरीही मी थांबलो नाही, डोळ्यांमागून माणूस ओढून आणला. स्टुलावर बसून दुसऱ्याच्या डब्यात बघणारा. कोण ते त्याला लगेच कळलं. तो हसला नाही.

बाई लांब जाऊन दोन्ही चित्रं न्याहाळत म्हणाल्या, "छान हं. अगदी यांच्यासारखंच. रेघेला जरा सराव हवा."

मी ब्रश ठेवला आणि उठून निघालो. मागे बघितलं नाही. सवय.

गाडी पेणला पोचेपर्यंत लक्षात आलं नाही, की काय राहून गेलं. पुढे रोह्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, भिंतीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात त्याची एकच सही आहे, सगळ्या चित्रांना मिळून.