परत न आलेला मेल

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कॉम्प्युटरवाल्याला प्रत्येक बिघाडाचं कारण सापडतंच... निदान मी तसं समजायचो.

बुऱ्हाणपुरात केळीच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. नवीन मशीन बसवायला बाहेरून माणसं आली, की त्यांना हॉटेलात पाठवायचं नाही, घरीच जेवायला न्यायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणून मशीन सुरू झालं की पहिला टेस्ट मेल मी बायकोला, सुनंदाला टाकायचो — 'जेवायला येतोय.' तिचं उत्तर ठरलेलं — 'किती जनं?' मी आकडा कळवायचो, ती तेवढ्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी थापायची.

सुनंदा गेल्या वर्षी वारली. तिचं मेल अकाउंट मीच बंद केलं. आता डबा ऑफिसातच खातो, तोही निम्मा परत नेतो.

या उन्हाळ्यात आम्ही दुसरा मेल सर्व्हर जोडला आणि बाहेर जाणारा प्रत्येक मेल परत येऊ लागला. शेठजी दारात येऊन उभे राहिले. "भाऊ, माल भरून गाड्या खड्या आहेत, पार्टीला कागद जात नाही. पहा ना जरा."

मी चार ठिकाणी मेल टाकून पाहिले. चारही परत. मग बोटांनी सवयीनं सुनंदाचा पत्ता टाईप केला — 'जेवायला येतोय.' पाठवल्यावर भानावर आलो. म्हटलं, हाही येईल परत.

तो आला नाही. चहा गार झाला आणि उत्तर आलं, तिच्याच पत्त्यावरून.

'किती जनं?'

कुणाची मस्करी म्हणावी, तर ते अकाउंटच नव्हतं. पण भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. वर्षभरात जेवणाचं मला कुणी विचारलंच नव्हतं.

शेठजी दारातच होते. म्हटलं, आधी हे काम उरकू, मग निवांत उत्तर लिहू. चूक फालतू निघाली. आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे, त्या नोंदीत नवा सर्व्हर घालायचा राहिला होता. तो घातला. थोड्या वेळानं सगळे मेल जाऊ लागले, गाड्या सुटल्या, शेठजी खूश.

मग मी दार लोटलं आणि लिहिलं — 'एकटाच.'

तो लगेच परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही, म्हणे. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. रविवारी एकटाच ऑफिसात जाऊन ती नोंद काढून टाकली, मुद्दाम सगळं बिघडवलं... तरी तिला मेल गेला नाही.

याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल, तर सांगा. पण मला खरं लागून राहिलंय ते वेगळंच. मी आकडा वेळेवर कळवलाच नाही — किती जणांचं पीठ काढून बसली असेल ती?