वळचणीवरची निळी खूण

छपरं दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळी वस्ती हमीकाका म्हणायची. शेवटचं कौल बसवून खाली उतरला की तो सांगायचा, "मी आहे तोवर हे गळणार नाही. गळलं तर फुकट." कागद नाही, शिक्का नाही. नुसता शब्द, आणि त्या शब्दाला तो जागायचा.

काम झालं की वळचणीखालच्या फळीवर तो निळ्या रंगाची छोटी कमान काढायचा. लोकांना वाटायचं, जाहिरात असेल. जाहिरात कसली! तरुणपणी चर्चमध्ये पाळकांनी नोहाची गोष्ट सांगितली होती. जगबुडीचा पूर ओसरल्यावर देवाने नोहाशी करार केला, पुन्हा पृथ्वी बुडवणार नाही म्हणाला आणि ढगात धनुष्य ठेवलं. बाकीचे त्या सात रंगांवर खूश. याच्या डोक्यात बसलं ते निराळंच. देव म्हणाला होता, धनुष्य दिसलं की मला माझा करार आठवेल. म्हणजे खूण शब्द देणाऱ्यासाठी! "देवाला खूण लागते, मग आपण कोण टिकोजीराव लागून गेलो?" असं म्हणून त्याने निळ्या रंगाचा डबा आणला. दर उन्हाळ्याच्या शेवटी तो गल्लोगल्ली मान वर करून हिंडायचा आणि कमान दिसली की छप्पर तपासायला शिडी लावायचा. वही कधी ठेवलीच नाही.

सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, मधूनच चक्कर यायला लागली. हाताखाली तयार झालेली लेक नवी कामं बघायची. पण जुन्या कमानींच्या छपरांवर तो तिला पाऊल ठेवू देत नसे. "शब्द माझा, शिडी माझी." लेक कपाळाला हात लावायची.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजत राहा म्हणून सांगितलं, तेव्हा लेक त्याला शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाईंकडे घेऊन गेली. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. दंडाला पट्टा आवळला आणि कोपऱ्यात टप्प असा आवाज झाला. तिथे बादली होती.

"हे कधीपासून?"

"बोलू नका, आकडा चुकतो."

"बाई, कधीपासून?"

"झाली तीन वर्षं," नर्सबाई म्हणाल्या.

पट्ट्यासकट तो बाहेर गेला. हे छप्पर त्यानेच केलेलं, पण वळचणीखालची फळी पांढरीशुभ्र होती. तीन वर्षांपूर्वी बाईंनी घर रंगवून घेतलं, तेव्हा रंगाऱ्याने कमानीवरूनही हात फिरवला होता. खूण गेली आणि हमीकाका त्याच घरावरून शंभरदा गेला तरी त्याला काही आठवलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर चढला असता. छपरावरून पडलेल्यांची हाडं जन्मभर बांधलीत मी. बादली ओतायला मला काय धाड भरलीय?"

तो आत येऊन मटकन खुर्चीत बसला, तशी बाईंनी पट्ट्याची नळी पुन्हा यंत्राला जोडली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "धनुष्य पुसलं असतं तरी देव विसरला नसता. मी विसरलो," तो म्हणाला, आणि डोळे पुसून उठला. "शिडी आण."

लेक जागची हलली नाही. "मी चढते. करार एकट्या नोहाशी नव्हता, बाबा. त्याच्या मागून येणाऱ्या लेकरांशीही होता."

"ती लेकरं शब्द घेणाऱ्याची. इथे देणारा मी आहे."

"तो देणारा मरत नाही, म्हणून त्याला वारस लागत नाही. तुम्ही देव आहात का?"

नर्सबाईंनी यंत्राकडे पाहिलं. "एकशे सत्तर. देवाचा एवढा नसावा."

म्हातारा हसला नाही, पण परत खुर्चीत बसला.

दुपारी पाऊस थांबला. कौलं वाळल्यावर लेक वर गेली. तो खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला. ते काम त्याने आयुष्यात प्रथमच केलं. फुटकी तीन कौलं बदलून ती शिडीवरूनच ओरडली, "डबा द्या."

निळा डबा त्याने आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. क्षणभर पोटाशी धरला आणि मग वर केला. लेकीने फळीवर कमान काढली.

"वाकडी आलीय," तो खालून म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "मला ओळखता आली म्हणजे झालं."