लेसमधली तोफ

परदेशातल्या संग्रहालयात काचेआड युद्धकाळातली लेस होती. लाकडी रिळांवरचे दोरे एकमेकांत गुंफून बायकांनी हाताने केलेली, आणि मधोमध फुलाऐवजी चक्क तोफ. कुणाच्या तरी चहाच्या टेबलासाठी!

"काय नाजूक काम!" आमच्या सहलीतले एक गृहस्थ म्हणाले.

सोबत आलेल्या माझ्या मावशीची हयात क्रोशा विणण्यात गेली आहे. ती उसळली, "नाजूक कसलं? गावावर तोफा धडाडतायत, आणि या बायकांना तोफच विणायला लावली मेल्यांनी!" मग काचेला नाक लावून हळूच म्हणाली, "यात एक दोरा चुकला, की तिथपर्यंत सगळं उसवावं लागतं गं."

विणणारीला लागतं. युद्ध पुकारणाऱ्यांना आजवर कुणी एक टाका तरी उसवायला लावलाय?