देवी काढणारे उकंडराव

देवी काढायच्या, म्हणजे देवीची लस टोचायच्या कामावर माणूस एकदा लागला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच मागे लागतात. साठ सालाच्या सुमारास साऱ्या जगातून देवीचा रोग घालवायचं ठरलं, आणि त्या जगातला पांढरकवड्याकडचा तुकडा आम्हा दोघांच्या वाट्याला आला. मी आणि माझे सिनिअर उकंडराव. ते आता नाहीत, म्हणून सांगणारा मीच उरलो.

*

एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेलो, तर आम्हाला पाहून सगळे जंगलात पळालेले. एक म्हातारा तेवढा दारात बसलेला. लहानपणीच्या देवीत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. उकंडराव म्हणाले, "बाबा, तुमाले गरज नाही. एकदा आली का पुन्हा येत नाही."

म्हाताऱ्याने दंड पुढे केला. "मले ठाऊक हाय. पन एवढ्या दुरून आले, रिकाम्या हातानं कसे जासान?"

*

गावोगाव लोक म्हणायचे, "पहिले सोताले टोचून दाखवा." उकंडराव दाखवायचे. असं करता करता त्यांच्या डाव्या दंडावर जागाच उरली नाही. आमच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब एकदा वैतागले, "अहो, ही सरकारी लस आहे, गोंदण नाही!"

"पाठ कोरीच हाय अजून, साहेब," उकंडराव म्हणाले.

*

आर्णीत एका मास्तरांनी दारातच सांगितलं, "आमच्याकडे कोणी आजारी नाही." देवी आल्या की त्या घरात फोडणी देत नाहीत, देवीला सोसत नाही म्हणतात. उकंडराव शांतपणे ओट्यावर बसले आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "वयनी, भूक लागली. फोडनीचं वरन होईल काय?"

आतून वहिनींचा हुंदका ऐकू आला, आणि मास्तर मान खाली घालून दारातून बाजूला झाले. आत त्यांची पोरगी कडुलिंबाच्या पाल्यावर निजली होती. ती वाचली, पण तिचा एक डोळा गेला.

*

मग तो बंजाऱ्यांचा तांडा. भर उन्हाळा होता. लस आम्ही बर्फ घातलेल्या थर्मासात नेत असू, कारण ऊन लागलं की ती मरते. आम्ही नदीवर आंघोळीला गेलो, तेवढ्यात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या सुनेने, धुरपताने, थर्मास उघडला. देवीचं औषध म्हणजे देवीच, तिला डब्यात कसं कोंडायचं? तिने लसीच्या नळ्या देवीच्या ओट्यावर मांडल्या आणि हळदकुंकू वाहून, हात जोडून बसली.

आम्ही परतलो तेव्हा नळ्या हाताला गरम लागत होत्या. पण सारा तांडा ओळीत उभा होता, कधी नव्हे तो हसत. उकंडराव हळूच मला म्हणाले, "आज परत गेलो तं हे पुन्हा हात देनार नाहीत. लागली तं लागली." पहिला दंड धुरपताच्या मुलाचा होता.

लस लागली नाही. महिन्याभरात तांड्यावर देवी आल्या आणि तो मुलगा गेला. बातमी आली तेव्हा उकंडराव ताटावरून उठले. मला त्यांच्याकडे बघवेना.

यवतमाळहून नवा बर्फ, नवी लस घेऊन आम्ही पुन्हा गेलो. सगळी दारं बंद. उकंडराव तांड्याच्या मधोमध उभे राहिले. पूजेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "चुकी माही हाय," ते मोठ्याने म्हणाले. "औषध मेलं होतं, अन् मले ठाऊक असून मी टोचलं."

मग एक दार उघडलं. धुरपता धाकट्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि तिचा दंड तिने उकंडरावांपुढे धरला. त्यांनी सुई उचलली.

"पहिले डोये पुसा, भाऊ," धुरपता म्हणाली. "हात हालून राह्यला तुमचा."