सुमनचा अर्ज आणि ग्रुपवरचं रिसर्च

"हिला आधीच्या दोन मुलीच ना?" मेडिकल बोर्डाच्या अध्यक्षांनी विचारलं आणि माझं डोकं तापलं.

"सर, पोटातल्या बाळाला कवटी नाही. मुलींचा काय संबंध?"

"विचारावं लागतं, मॅडम. उशिरा आलात तुम्ही."

हिंगोलीत माझा छोटा दवाखाना आहे. माझी पेशंट सुमन साखरा गावाजवळच्या तांड्यावरची. बाळातलं व्यंग शोधायची सोनोग्राफी पाचव्या महिन्यात करतात. त्या महिन्यात ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला, परजिल्ह्यातल्या फडात होती. परतली तेव्हा सातवा लागला होता. माझ्या स्क्रीनवर बाळाचे डोळे दिसले आणि डोळ्यांच्या वरचं डोकंच नाही. मेंदू तयारच झाला नव्हता. असं बाळ जन्मलं तरी काही तास जगतं, फार तर काही दिवस.

चोवीस आठवडे उलटले की गर्भपाताचा निर्णय माझ्या हातात राहत नाही. बाळात गंभीर व्यंग असेल तर बोर्ड, म्हणजे सरकारनं नेमलेली डॉक्टरांची समिती, परवानगी देते. आमच्या भागात दोन मुलींनंतर गर्भपात म्हटलं की आधी शंका येते, तिसरीही मुलगीच असणार. शंकेला कारण आहे, मी नाकारत नाही. पण इथं फक्त कवटी आहे की नाही एवढंच बघायचं होतं.

"खासगी सोनोग्राफी आम्ही धरत नाही."

"मग तुमच्याकडं करा."

"रेडिओलॉजिस्ट रजेवर आहेत."

मी बांगडीवाल्याची पोरगी. घासाघीस करतच डॉक्टर झाले. म्हटलं, दुसऱ्या सरकारी दवाखान्यातून करून आणते, आज निर्णय द्या. बरं, उद्या द्या. अध्यक्ष घड्याळ बघत राहिले.

तेवढ्यात दुसरे मेंबर म्हणाले, "मॅडम, रिसर्च आहे. इतक्या उशिरा गर्भपात केला की बाई आयुष्यभर खचते."

"कुठलं रिसर्च? दाखवा."

"आमच्या ग्रुपवर आलं होतं."

"त्यात कुणाची तुलना कुणाशी केली? धडधाकट लेकरू घरी नेलेल्या बाईशी? हिला ते मिळणारच नाही. हिच्यापुढं दोनच रस्ते आहेत, आत्ता रडायचं की दोन महिने पोट मिरवून मग रडायचं."

"आवाज खाली, मॅडम."

माझ्याकडचे रिसर्च पेपर मी टेबलावर ठेवले. ते कुणी उघडले नाहीत. समोरच्या स्कॅनवर विश्वास नाही, न वाचलेल्या फॉरवर्डवर आहे! पुढच्या बैठकीला या, म्हणाले.

बाहेर सुमन उभी राहिली. "न्हाई म्हनले का, मॅडम?"

"थांबा म्हणाले."

"काहून? सासू ओटी भरायचं म्हनून राहिली. तिला काय सांगू?" मग हळूच म्हणाली, "त्याला दुखून राहिलं असंल का आतमधी?"

"न्हाई गं. दुखणं कळायला मेंदू लागतो."

ती मान हलवत राहिली. बहुतेक तिला एवढंच हवं होतं.

अशा बाळाला गर्भजल नीट गिळता येत नाही. पाणी साठत जातं, पोट ताणतं, कळा लवकर येतात. सुमनला बैठकीच्या आधीच आल्या. ती माझ्याच दवाखान्यात बाळंत झाली. बाळ थोडा वेळ श्वास घेत होतं.

आमच्याकडं एक रिवाज आहे. बाळाची अदलाबदल झाली असा वाद नको, म्हणून सिस्टर बाळ आईला दाखवते आणि मुलगा की मुलगी हे आईच्या तोंडून वदवून घेते. सिस्टरनं बाळाच्या डोक्यावरून कापड घेतलं आणि सवयीनं विचारून बसली, "बघ बाई, काय झालं?"

मी ओरडणार होते. तेवढ्यात सुमन बोलली.

"लेकरू."

एवढंच. मग तिनं हात पुढं केले. श्वास थांबेपर्यंत आम्ही ते तिच्यापाशीच ठेवलं.

बोर्डाची परवानगी पुढच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर आली. ती मी अजून डिलीट केलेली नाही.

आता कुणी रिसर्च म्हणालं की मी दोन गोष्टी विचारते. कुणाला विचारलं होतं? आणि कुणाशी ताडून बघितलं? उत्तर आलं नाही तर तो विषय माझ्यापुरता संपतो. बोर्डाकडं तर कुणाला विचारायचं याचीही अडचण नव्हती. सुमन दाराबाहेर होती. तिला आत बोलावलं नाही.