तुंडू मागणारा चोर

माझ्या भावाच्या मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते. तंजावूरच्या आमच्या घरांतली हल्लीची मुलं अशीच. देवनागरी तर तिला वाचताच येत नाही. म्हणून मी माळ्यावरून माझ्या लहानपणची पुस्तकं काढली. पुण्याची मावशी दर सुट्टीत ती साहसकथांची मालिका धाडायची. दोन भाऊ, एक बहीण, गुहा, कंदील आणि शेवटी चोराला बेड्या. मी वाचायला शिकले ती याच पुस्तकांवर.

रोज संध्याकाळी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं ठरलं. प्रत्येक पुस्तकात बहीण दशम्या बांधून देते आणि गुहेबाहेर थांबते, हे आता वाचताना माझं डोकं उठायचं. मी तिला परस्पर गुहेत घुसवलं. भाचीला कुठे कळणार होतं! ती रंगली. पुढे काय झालं ते चक्क मराठीत विचारू लागली. एकदा तर तिरुवैयारूहून येताना भर बसमध्ये. मी हरखून गेले.

मग तो भाग आला. स्वतःला पुण्याचा म्हणवणारा पाहुणा न्हाणीघरातून ओरडतो, "अहो, तुंडू द्या कुणीतरी!" धाकटा भाऊ टाळी पिटतो. पंच्याला तुंडू म्हणतो, म्हणजे हा आपल्यातला नाहीच, हाच चोर! लहानपणी तो तमिळ शब्द त्या पोरांच्या आधी मला कळला, म्हणून मी केवढी फुशारले होते. या वेळी वाचण्याच्या भरात तो बदलायचा राहून गेला.

"आत्या, आपण पण तुंडूच म्हणतो की," भाची म्हणाली. "मग आपण चोर?"

"जुनं पुस्तक आहे गं ते."

"मग तेव्हा होतो?"

त्या लेखकाचा मला असा संताप आला! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे मराठी सांभाळली, ती याच्या पोरांनी टाळ्या पिटाव्यात म्हणून? पुस्तक मी रद्दीत टाकलं.

पुढे मावशीची सून मुलांना घेऊन राजवाडा बघायला आली. तिने भाचीला मराठीत शाळा विचारली, आवडीनिवडी विचारल्या. भाची तमिळमध्ये दोन शब्द बोलली, तेवढंच.

"अगंबाई, हिला मराठी येतच नाही का?" सून म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी भाचीवर चिडले. "येतं ना तुला? मग बोलली का नाहीस?"

तिने तमिळमध्येच सांगितलं, "असं बोललं की कुणी पकडत नाही."